निविदेत न बसणारी गोष्ट

खामगावास चांदी घ्यावयास गेलेला मनुष्य पहिल्याच दुकानात, पहिल्याच भावाला माल घेऊन परतत नाही. तो चार पेढ्या हिंडतो, ओळखीच्या सराफापाशी घटकाभर बसतो, वस्तू हातात घेऊन पाहतो, आणि शेवटी कदाचित चार पैसे अधिक देऊन, ज्या पेढीवर बापाच्या वेळेपासून विश्वास आहे तेथूनच खरेदी करतो. त्यास कोणी जाब विचारीत नाही. पैसा त्याचा, पारख त्याची, आणि फसला तर नुकसानही त्याचेच. जिल्हा परिषदेस शाळांसाठी बाके घ्यावयाची असली म्हणजे मात्र ह्यांतले काहीएक करता येत नाही. ओळखीच्या सुताराकडे जाता येत नाही, आणि ‘ह्याची बाके दहा वर्षे टिकतात हे आम्हांस ठाऊक आहे’ एवढे म्हणून अधिक पैसे मोजता येत नाहीत. कारण पैसा घेणाऱ्याचा नसतो. तो तुमचाआमचा असतो, आणि दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणाऱ्याच्या पारखीवर जगात कोठेच कोणी डोळे मिटून विसंबत नाही.

सरकारी खरेदीचे सारे शास्त्र ह्या एका फरकातून निघाले आहे, आणि तिच्या साऱ्या अडचणीही. सरकारने काही नवे करावे असे आपण सर्वच म्हणतो. परंतु सरकार जे काही करते त्याचा फार मोठा भाग ते अखेर कोणाकडून तरी विकत घेऊनच करते : रस्ता, पूल, औषध, पाण्याची टाकी, शाळेचे छप्पर. तेव्हा नवे करावयाचे म्हणजे पुष्कळदा नवे विकत घ्यावयाचे, आणि तेथेच घोडे पेंड खाते. ते कसे, हे बुलढाणा जिल्ह्यातच घडलेल्या एका गोष्टीच्या आधाराने येथे सांगावयाचे आहे. ती गोष्ट तळ्यांतल्या मातीची आहे. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी निविदा हा काय प्रकार आहे तो पाहिला पाहिजे, कारण निविदा हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि पान उलटतो.

समजा, एका गावी पाण्याची टाकी बांधावयाची आहे. प्रथम अभियंता अंदाजपत्रक करतो. ते करताना तो मनाचे भाव लावीत नाही. सिमेंट, लोखंड, खोदाई, मजुरी ह्या प्रत्येकाचा भाव सरकारी दरसूचीत छापलेला असतो, तोच त्याने घ्यावयाचा. मग कामास प्रशासकीय मान्यता लागते, म्हणजे हे काम करावयाचे व त्यास पैसा आहे असे ठरते. नंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे हे असेच बांधावयाचे असे ठरते. त्यानंतर निविदा निघते. बोली करणाऱ्याने बयाण्याची रक्कम भरावयाची व दोन लिफाफे द्यावयाचे. पहिल्यात त्याची पात्रता, दुसऱ्यात त्याचा भाव. आता हे लिफाफे संगणकावर असतात, पण नाव लिफाफाच राहिले आहे. पहिल्या लिफाफ्यात जे उतरतात त्यांचाच दुसरा उघडतो, आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्यास काम मिळते. पुढे कार्यारंभ आदेश, पुढे काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक, आणि दोनचार वर्षांनी केव्हातरी लेखापरीक्षक येऊन हे सारे कागद पुन्हा एकदा चाळतो. महाराष्ट्रात राज्याच्या खात्यांनी खरेदी कशी करावी ह्याची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली. केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम त्यानंतर लवकरच, २०१७ साली, नव्याने निघाले. दोहोंचा गाभा हाच आहे.

ह्या पायऱ्यांची थट्टा करणे फार सोपे आहे, आणि व्याख्यानांतून ती होतेही. आम्हांस ती पसंत नाही. ह्यांतील प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या चोरीची वाट बंद करण्यासाठी घातलेली आहे. दरसूची आहे म्हणून अंदाजपत्रक वाटेल तसे फुगविता येत नाही. लिफाफा आहे म्हणून देऊळगाव राजाच्या, कोणाची ओळख नसलेल्या ठेकेदारासही मुंबईच्या मोठ्या कंपनीइतकाच बोली लावण्याचा हक्क आहे. मोजमाप पुस्तिका आहे म्हणून न केलेल्या कामाचे पैसे उचलणे निदान कठीण तरी होते. आणि जेथे घ्यावयाची वस्तू नेमकी ठाऊक असते तेथे ही रीत उत्तम चालते. एलईडी दिव्यांचेच पाहा. केंद्र सरकारच्या एका कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून लाखोंच्या संख्येने दिव्यांच्या निविदा काढल्या. जो दिवा २०१४ च्या आरंभी तीनशे दहा रुपयांना पडत होता तो २०१६ च्या उत्तरार्धात अडतीस रुपयांपर्यंत उतरला. तंत्र सुधारले होते हे खरे, पण एवढा मोठा गिऱ्हाईक समोर उभा आहे आणि तो फक्त भाव पाहणार आहे हे कारखानदारांस कळले, ह्याचा वाटाही त्यात मोठा होता.

मात्र निविदेला एक अट असते, आणि ती कोठेही लिहिलेली नसते. घ्यावयाची वस्तू आधी ठाऊक असावी लागते. किती नग, किती घनमीटर, कोणत्या दर्जाचे, कोणत्या तारखेपर्यंत, हे ज्याला सांगता येते त्याचीच निविदा निघते. ज्याला एवढेच सांगता येते की ‘आमच्या गावच्या विहिरी फेब्रुवारीत आटतात, ह्यावर काही करा’, त्याची निविदा निघत नाही, कारण दरसूचीत त्या वाक्याचा भाव नाही. नव्या गोष्टीचे तर सारे त्याच वाक्यासारखे असते. ती पूर्वी कोणी केलेली नसते, म्हणून तिचा दर नसतो. करणारा एखादाच असतो, म्हणून तीन बोल्या येत नाहीत. आणि तिचा लाभ एका खात्यास होतो तर खर्च दुसऱ्यास पडतो, म्हणून ती कोणाच्याच अंदाजपत्रकात शिरत नाही.

आता बुलढाण्याकडे येऊ. ह्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत हे येथल्या माणसास सांगावयास नको : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे बहुतांशी घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. वर खडक व मुरूम, जमीन उथळ, पाणी पडले की नाल्यांनी धावत सुटते. खाली काळी, खोल, भारी जमीन. तिच्यात कापूस चांगला येतो, आणि तिच्या काही पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे लागते. वरचा मनुष्य पाणी थांबत नाही म्हणून रडतो, खालचा मनुष्य गोड पाणी मिळत नाही म्हणून.

ह्या भूमीवरून रस्ता न्यावयाचा म्हटला की अभियंत्यापुढे पहिला प्रश्न मातीचा उभा राहतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींना तडे का जातात हे घाटाखालच्या कोणत्याही घरधन्यास विचारावे. अशा मातीवर महामार्ग थेट ठेवला तर दोन पावसाळ्यांत तो लाटांसारखा होईल. म्हणून आधी भराव घालावा लागतो, आणि भरावास मुरूम लागतो. तो आणावयाचा कोठून? ठेकेदार सामान्यतः जवळची एखादी टेकडी किंवा कोणाचे पडीक रान गाठतो, सरकारला स्वामित्वधन भरतो, शेतमालकास पैसे देतो आणि खोदून नेतो. जितके अंतर अधिक तितका खर्च अधिक. ठेकेदारांच्या भाषेत ह्या अंतराला ‘लीड’ म्हणतात, आणि रस्त्याच्या ठेक्यात पुष्कळदा नफा-तोटा ह्या लीडवरच ठरतो. काम संपले की मागे राहतो तो एक वेडावाकडा खड्डा. त्यात पाणी येण्याची वाट नसते, शेती होत नाही, आणि एखादे वासरू पडून मरते तेव्हाच गावास त्याची आठवण होते.

दुसऱ्या बाजूस त्याच जिल्ह्यात जलसंधारणाचे काम चालू होते. ५ डिसेंबर २०१४ च्या निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. २०१८ साली भारतीय जैन संघटना आणि जिल्हा प्रशासन ह्यांनी मिळून तळी व नाले उपसण्याचे मोठे काम जिल्ह्यात हाती घेतले, त्यात यंत्रे संस्थेची आणि डिझेल सरकारचे अशी वाटणी होती. येथे सरकार पैसे देऊन खड्डे खणीत होते, आणि निघालेल्या मातीचे काय करावयाचे हा प्रश्न होता. वरचा मऊ गाळ शेतकरी आवडीने नेतात, पण गाळाखाली मुरूम लागला की तो शेताच्या कामाचा नाही. म्हणजे एकाच तालुक्यात एक खाते मातीसाठी खड्डे पाडीत होते आणि त्या खड्ड्यांचे त्यास काही नव्हते. दुसरे खाते खड्ड्यांसाठी माती काढीत होते आणि त्या मातीचे त्यास काही नव्हते. दोघांची गाठ घालून द्यावी, एवढीच ती कल्पना. महामार्गाच्या ठेकेदाराने टेकडी फोडण्याऐवजी सांगितलेल्या तळ्यातून, नाल्यातून, नदीपात्रातून, सांगितलेल्या मापाने माती काढावी. माती रस्त्यास जावी, खड्डा गावास राहावा. ह्यालाच पुढे ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणू लागले, आणि नीती आयोगापर्यंत त्याची वाखाणणी झाली.

जाहीर झालेल्या सरकारी आकड्यांप्रमाणे, जिल्ह्यातील ४९१ किलोमीटर महामार्गांच्या कामास जोडून अशी १३२ कामे झाली आणि त्यांतून सुमारे ५५ लाख घनमीटर माती निघाली. लाखांचे आकडे ऐकून आपण मान डोलावतो, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून थोडा हिशेब करू. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्या मापाने ही माती साडेएकोणीस लाख ब्रासांच्या जवळपास जाते. एका मोठ्या डंपरमध्ये पाच ब्रास धरले तरी जवळजवळ चार लाख खेपा झाल्या. माती गेली तेवढी जागा पाण्यास झाली, म्हणजे ५५ लाख घनमीटर, किंवा साडेपाच दशलक्ष घनमीटर. मोताळ्याकडील नळगंगा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे सत्तर दशलक्ष घनमीटरांचा आहे. त्याचा हा तेरावा हिस्सा. तेव्हा जिल्ह्याचा पाणीप्रश्न मिटला असे कोणी म्हणू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु धरण एका जागी असते आणि त्याचे पाणी कालव्याच्या खालच्यांनाच मिळते. हे पाणी शंभरावर ठिकाणी विखुरलेले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ते खालच्या खडकाच्या भेगांतून आसपासच्या विहिरींकडे जाऊ शकते. घाटावरच्या शेतकऱ्यास विहिरीचे पाणी होळीपर्यंत टिकते की अक्षय्य तृतीयेपर्यंत, ह्यावर त्याचे रब्बीचे पीक, गुरांचा चारा आणि मुलाला पुण्यास पाठवावयाचे की नाही हे सारे ठरत असते.

इतकी साधी कल्पना आधी कोणास का सुचली नाही, असे कोणीही विचारील. आमची समजूत अशी की ती पुष्कळांस सुचली असेल. गावच्या पाटलालाही ती सुचण्यासारखी आहे. अडचण सुचण्याची नव्हती. ती कागदावर कोठे लिहावयाची ही होती.

पाहा. रस्ता केंद्राचा, आणि ठेका केंद्राच्या यंत्रणेशी झालेला. तळे मात्र तिचे नाही. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनाची तळी जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठी राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि सहाशेच्या पुढची जलसंपदेकडे. तळ्यातली माती ही गौण खनिज म्हणून महसूल खात्याची. नाला वनहद्दीत शिरला की वनखात्याचा. आणि ज्याच्या विहिरीस पाणी येणार तो शेतकरी ह्या कागदावर कोठेच नाही. ह्या सर्वांत एकही रुपया एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही! गावाने खड्डा विकत घेतलेला नाही, ठेकेदाराने माती विकत घेतलेली नाही. मग ही खरेदी म्हणावयाची की विक्री, की दान? सरकारी हिशेबात ह्या तिन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि चौथे खाते नाही.

त्यातून पहिला प्रश्न निघतो तो स्वामित्वधनाचा. टेकडीवरून मुरूम काढला असता तर ठेकेदाराने दर ब्रासमागे पैसे भरले असते. तळ्यातून काढला म्हणून ते न घ्यावे, तर सरकारने हक्काचे उत्पन्न सोडले असे लेखापरीक्षक म्हणेल, आणि त्याच्या जागी बसल्यास आपणही म्हणू. ह्यावर उत्तर आहे : तळे खोल करावयास सरकारला एरवी जो खर्च आला असता तो वाचला. पण हे उत्तर कागदावर टिकावयाचे तर खोदाईचा दर, तळ्याचे आधीचे माप, नंतरचे माप आणि सोडलेल्या स्वामित्वधनाची रक्कम ही चारही एका पानावर, काम सुरू होण्यापूर्वी मांडावी लागतात. नंतर मांडली तर ती सबब होते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ठेकेदाराने बोली लावताना मुरुमाचा खर्च, स्वामित्वधन, लीड हे सारे धरूनच भाव दिलेला असतो. काम मिळाल्यावर त्यास जवळच्या तळ्यात फुकट माती मिळाली, तर झालेली बचत कोणाची? त्याचीच राहू द्यावी, तर हरलेला बोलीदार म्हणेल की हे आधी सांगितले असते तर मीही कमी भाव दिला असता. आणि त्याचे म्हणणे खरे आहे. बचत कापून घ्यावी, तर ठेकेदार म्हणेल की मग मला टेकडीच बरी. तळ्यात चिखल आहे, वाट नाही, गावकऱ्यांची कटकट आहे, आणि तेही खरेच आहे. ह्यातून एकच सरळ वाट निघते. कोणत्या तळ्यांतून व नाल्यांतून किती माती मिळेल त्याची यादी निविदेच्या आधी तयार असावी आणि निविदेलाच जोडलेली असावी, म्हणजे सर्व बोलीदार ती धरूनच भाव देतील आणि बचत आपोआप सरकारच्या पदरात पडेल. परंतु अशी यादी करावयाची तर रस्त्याच्या अभियंत्याने आणि पाण्याच्या अभियंत्याने रस्ता आखतानाच एकत्र बसले पाहिजे. एकाच आवारातल्या दोन कचेऱ्यांमधले अंतर कधीकधी मलकापूर-मेहकर अंतराहून अधिक असते हे येथे नमूद करण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी गोष्ट तंत्राची, आणि ती ज्यांच्या गावी असे काम होणार असेल त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. ठेकेदाराला माती हवी आहे, पाणी नको आहे. त्याला मोकळे सोडले तर जेथे मुरूम चांगला आणि रस्ता जवळ तेथे तो खोल जाईल, आणि जेथे नुसता गाळ आहे तेथे हातही लावणार नाही. पाण्याला मात्र निराळेच हवे असते. बांधाच्या पायथ्याशी खोदल्यास बांधच धोक्यात येतो, म्हणून तेथे अंतर सोडावे लागते. नाला एके ठिकाणी अति खोल केला तर वरच्या अंगाचा काठ कोसळून येतो. खालच्या पाझरणाऱ्या थराच्याही खाली गेल्यास वरच्या विहिरीचे पाणी खालीच निसटून जाण्याची भीती. वरचा गाळ आधी वेगळा काढून शेतकऱ्यास द्यावा, मग मुरूम रस्त्यास. दोन्ही एकत्र उपसले तर गाळ भरावात जाऊन रस्ता बिघडतो आणि शेतही उपाशी राहते. ह्या सर्वांवर रोज कोणीतरी उभे राहून पाहणारा हवा. तो कोणत्या खात्याचा, आणि त्याचा भत्ता कोणत्या शीर्षाखाली, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण अशा किरकोळ प्रश्नांवरच चांगली कामे बिनसतात.

आता त्या अधिकाऱ्याचा विचार करू, ज्याच्या सहीवर हे सारे अडते. आपण त्याला भित्रा म्हणतो. त्याने नेहमीप्रमाणे टेकडीचा मुरूम घेऊ दिला, तर त्याला कोणी काही विचारणार नाही. तळे कोरडे राहिले ह्याचा जाब आजवर कोणा अधिकाऱ्यास द्यावा लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याने नवी वाट धरली आणि दहापैकी एक बांध खचला, तर चौकशी त्याच्यामागे लागेल, आणि निवृत्तीनंतरही ती पाठ सोडणार नाही. यश आले तर सत्कार दुसऱ्यांचे होतील. शिवाय २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने त्याची एका जागेवरची मुदत साधारणतः तीन वर्षांची. पहिले वर्ष जिल्हा समजण्यात जाते, तिसरे बदलीच्या चिंतेत. मधल्या एका वर्षात त्याने नवे काय ते करावयाचे, आणि तेही मार्चअखेरीच्या आत! जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी म्हणून वेगळा पैसा राखलेला असतो, पण पैसा मिळण्यात व मान्यता घेण्यात निम्मे वर्ष निघून जाते, आणि फेब्रुवारीत मग जी वस्तू तयार दुकानात मिळते तीच ‘नावीन्यपूर्ण’ ठरते. व्यायामशाळेची साहित्ये आणि सौरदिवे ह्यांच्यावर आमचा राग नाही. पण दरवर्षी तेच नवे कसे असेल?

जगात इतरत्र हे कोडे कसे सोडविले गेले, हे पाहण्यासारखे आहे. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटाने एक कायदा केला. भर समुद्रात जहाजाचे रेखांश कळत नव्हते आणि त्यापायी जहाजे फुटत होती. पार्लमेंटाने कोणतेही यंत्र मागविले नाही. फक्त गरज सांगितली. जो अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवील त्यास वीस हजार पौंड. रीत कोणतीही असो. विद्वानांची खात्री होती की उत्तर चंद्र-ताऱ्यांतून निघेल. ते निघाले जॉन हॅरिसन नावाच्या एका सुतारपुत्राच्या घड्याळातून. म्हणजे वस्तू न मागता गरज मागितली, तर ज्याच्याकडे कोणी पाहिलेही नसते असा मनुष्य पुढे येतो. पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू सांगणारे थोडे. परीक्षकांत ज्योतिषशास्त्री होते. त्यांना घड्याळ पटेना. त्याचे घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाच्या सफरीत कसोटीस उतरले, तरी पुन्हा चाचणी, पुन्हा अट असे चालले, आणि उरलेले पैसे म्हाताऱ्याच्या हाती पडले ते १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. गरज नीट सांगितली तरी निकाल कोणी व कसा द्यावयाचा हे आधी ठरले नसेल तर काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडेही वाटा अगदीच बंद नाहीत. कोणी खाजगी माणसाने स्वतःहून नवी योजना सरकारपुढे आणावी, सरकारने ती जाहीर करून इतरांस तिच्याहून सरस बोली करण्याचे आव्हान द्यावे, आणि मूळ योजना आणणाऱ्यास त्या बोलीची बरोबरी करण्याची संधी राखावी, ह्या रीतीस ‘स्विस चॅलेंज’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या म्हाडाच्या एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, पण कोणती कामे अशी घेणार हे आधी जाहीर करावे, सर्वांस समान संधी द्यावी, असेही बजावले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय वित्त मंत्रालयाने काढलेल्या सूचनांत, काही कामांत भावाबरोबर गुणवत्तेसही गुण देण्यास मुभा दिली. गुणवत्तेचा वाटा तीस टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी मर्यादाही घातली.

ही मर्यादा कित्येकांस जाचक वाटते. आम्हांस ती शहाणपणाची वाटते. भाव हा आकडा आहे, त्यात लबाडी करणे कठीण. गुणवत्तेचे गुण मनुष्य देतो, आणि आपल्या माणसास नव्वद व परक्यास साठ देणे मुळीच कठीण नाही. शहरातल्या मोठ्या मंडळांकडे निष्णात लोक असतात; जिल्ह्याच्या ठिकाणी गुण देण्यास बसावयाचे कोणी? निदान मातीपुरते तरी बाहेरच्या तज्ज्ञांस विचारता येईल. शेगावास १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. कोणत्या तळ्यातला मुरूम भरावास चालेल आणि कोणता गाळ कोणत्या शेतास, हे तेथील प्रयोगशाळा तपासू शकतात, आणि त्यांच्या शेऱ्यामुळे सही करणाऱ्याचा हातही थोडा कमी थरथरेल.

आता उरतो तो मागे राहिलेल्या खड्ड्यांचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत अधिक निकडीचा तोच आहे. महामार्गाचे काम म्हणजे काही दरवर्षी येणारी पेरणी नव्हे. ते संपले की डंपर निघून जातात, आणि तळ्याकडे येणारा गाळ मात्र दर पावसाळ्यात येतच राहतो. रस्त्याच्या ठेक्यात देखभालीची मुदत लिहिलेली असते; खड्डा कोणी विकत घेतलेलाच नाही, म्हणून त्याची देखभाल कोणाच्याच ठेक्यात नाही. आणि त्याचा हिशेबही अवघड. २०२० साली विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने, जलयुक्त शिवारावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढविण्याचा हेतू फारसा साधला नसल्याचे म्हटले. त्यावर मोठा वाद झाला. परंतु कामाआधी विहिरीत पाणी किती हात होते आणि नंतर किती, हे गावोगावी लिहून ठेवलेले असते तर वाद करण्यास जागा कमी उरली असती.

ते लिहून ठेवण्यास निविदा लागत नाही. ज्या तळ्यात ह्या उन्हाळ्यात खोदाई होईल त्याचे माप मृगापूर्वीच घेतले पाहिजे, कारण एकदा पाणी भरले की खड्डा किती खोल होता हे फक्त ठेकेदारासच ठाऊक राहते. ग्रामपंचायतीने तळ्याच्या आसपासच्या दहा विहिरी निवडाव्या, शाळेतल्या मुलांकडून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेस दोर सोडून पाणी मोजवून घ्यावे, आणि ते आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहावे. तीन वर्षांची अशी नोंद जवळ असली म्हणजे पुढच्या रस्त्याची आखणी जिल्ह्यात येईल तेव्हा, ‘आमच्या तळ्याचे नाव यादीत घाला’ असे म्हणण्यास त्या गावाजवळ निदान एक कागद असेल.